हर्ट्झ : एककामागे दडलेला माणूस



घरातल्या वीजमीटरवर किंवा मिक्सरच्या खालच्या पट्टीवर ५० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, बघा. एका सेकंदात किती कंपने होतात ते सांगणारं हे एकक. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपण वर्गात सांगतो का?

हाइनरिश हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील वकील होते. हाइनरिश अभ्यासात हुशार, अरबीसारखी भाषाही शिकलेला. पण त्याचा जीव रमायचा तो हाताने वस्तू बनवण्यात. सुतारकाम, लेथवरचं काम तो लहानपणीच शिकला. पुढे हेच हात कामी आले.

आधी ते अभियांत्रिकीकडे गेले, पण मन भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होतं. मग मार्ग बदलून ते बर्लिनला हेल्महोल्ट्झ या मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. १८८० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८८५ मध्ये ते कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक झाले.

त्या काळी एक मोठा प्रश्न अडून राहिला होता. मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवलं होतं की, वीज आणि चुंबकत्व यांच्यामुळे लहरी तयार होऊ शकतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने जातात. पण त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मॅक्सवेल तर १८७९ मध्येच वारले.

हर्ट्झ यांनी काय केलं? एका बाजूला दोन धातूचे गोळे, मध्ये छोटी फट. उच्च दाबाची वीज दिली की फटीत ठिणगी उडायची. काही अंतरावर तांब्याच्या तारेचं एक कडं, त्यालाही अगदी बारीक फट. या कड्याला कुठलीही तार जोडलेली नव्हती, तरी तिथेही इवलीशी ठिणगी दिसली! ती दिसावी म्हणून खोलीत अंधार करून बसावं लागे.

मग त्यांनी भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला. पत्र्यावरून परत येणारी लहर पुढे जाणाऱ्या लहरीत मिसळली आणि स्थिर तरंग तयार झाले. कडं हळूहळू सरकवलं की कुठे ठिणगी मोठी, तर कुठे अजिबात नाही. ठिणगी नसलेल्या दोन लगतच्या जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. वारंवारता त्यांनी गणिताने काढली होतीच. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे आपलं नेहमीचं सूत्र वापरून वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच ठरत होता. पुढे त्यांनी डांबरासारख्या पदार्थाचा भलामोठा प्रिझम करून लहरी वाकवूनही दाखवल्या. परावर्तन, अपवर्तन, ध्रुवीकरण, सगळं प्रकाशासारखंच! मॅक्सवेल खरे ठरले.

१८८९ मध्ये ते बॉन येथे गेले. पण काही वर्षांतच आजारपण मागे लागलं. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी ते गेले. वय अवघं ३६! मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. पुढच्याच वर्षी आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच लहरींचे प्रयोग लोकांना दाखवले. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश पोहोचवला. हर्ट्झ यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

आणखी एक दुःखद गोष्ट. त्यांच्या वडिलांचं घराणं मुळात ज्यू होतं. नाझी राजवटीत याच कारणाने त्यांची पत्नी आणि मुली यांना जर्मनी सोडून इंग्लंडला जावं लागलं. ज्याचं नाव जगभर एकक झालं, त्याच्याच घरच्यांना स्वतःच्या देशात जागा उरली नाही.

मुलं विचारतात, सर, हे शिकून उपयोग काय? तेव्हा हर्ट्झ यांची गोष्ट सांगा. अंधारात ठिणगी शोधणाऱ्या त्या माणसाला मोबाइल ठाऊक नव्हता. त्याला फक्त खरं काय ते बघायचं होतं. उपयोग नंतर आला.

वर्गात एवढं नक्की करा. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं मुलाच्या हातात द्या आणि हलवायला सांगा. योग्य गतीने हलवलं की दोरीवर न हलणारे बिंदू दिसतील. हर्ट्झ यांनी अंधारात शोधले ते असेच बिंदू. मग १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी काढायला द्या. उत्तर येईल ३ मीटर. फळ्यावर एकक लिहिताना त्या माणसाचं नावही एकदा घ्या.