राघोबादादा आणि सुरतेचा तह

थोरल्या बाजीरावांचा हा मुलगा जन्मला 1734 मध्ये. 1758 मध्ये राघोबादादांची फौज लाहोरला पोचली होती. पण 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात पुतण्या नारायणरावांचा खून झाला आणि सगळं फिरलं. ‘ध’चा ‘मा’ कुणी केला हा वाद राहू द्या. रामशास्त्र्यांनी दादांना दोषी धरलं, बारभाईंनी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला पेशवा केलं, आणि दादा फिरत फिरत सुरतेला इंग्रजांच्या दारात आले.

कडोदऱ्याहून आपण जिथं रोज ये-जा करतो, त्याच सुरतेत 6 मार्च 1775 ला तह झाला. कंपनीने 2500 फौज द्यायची; दादांनी दरमहा दीड लाख रुपये, सहा लाखांचे दागिने तारण, साष्टी आणि वसई द्यायची. शिवाय सुरत-भरूचच्या महसुलात वाटा. म्हणजे इथल्याच शेतसाऱ्याचा सौदा, आणि शेतकऱ्याला पत्ताही नाही!

इंग्रजांना दादांचा कळवळा होता का? तारखा बघा. तहाच्या दोन महिने आधी, डिसेंबर 1774 च्या अखेरीस, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतलाही होता. मुंबई म्हणजे चिमूटभर बेट. उत्पन्नातून खर्च निघत नव्हता. समोरच साष्टीची जमीन, आणि पोर्तुगीज ती परत घेतील ही धास्ती. हाव होती, भीती होती, नव्हता तो फक्त हक्क. तो सांगणारा वारस आयता चालून आला. 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हाही काबूलच्या गादीवर बसवायला बबराक कारमल तयारच होते.

मे 1775 मध्ये अडासला लढाई झाली. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला, पुरंदरचा केला, मुंबईकरांनी तोही मोडला. जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडली. मुलूख परत देण्याचं कबूल करून ती सुटली, पण वरिष्ठांनी ते मानलं नाही. 1782 च्या सालबाईच्या तहात कंपनीने वसई परत दिली, साष्टी ठेवली आणि दादांना सोडलं. पेन्शन ठरली. डिसेंबर 1783 मध्ये कोपरगावी ते गेले.

सुरतेच्या तहाआधी दोनच महिने धारला त्यांना मुलगा झाला होता, दुसरा बाजीराव. 31 डिसेंबर 1802 ला त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. त्यालाही गादीच हवी होती.