चिमाजी अप्पा आणि आपली खाडी

भायंदर सोडून गाडी पुलावर आली, की डाव्या हाताला खाडी रुंद होत होत समुद्राकडे जाताना दिसते. डब्यातल्या पुष्कळ भगिनी त्या वेळी हात जोडतात, कोणी निर्माल्य सोडतात. मीही कित्येक वर्षे हात जोडत आले. परंतु या पाण्यावरून एकेकाळी केवढा मोठा बेत पार पडला, याची मला फारशी जाणीव नव्हती. मंडळाने स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले, तेव्हा वाटले, लांबचे कशाला शोधायचे? ज्यांनी आपली खाडी भरतीओहोटीसकट ध्यानात घेतली, त्या चिमाजी अप्पांविषयीच लिहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे धाकटे पुत्र, थोरल्या बाजीरावांचे पाठचे भाऊ. त्यांचा जन्म सुमारे १७०७ सालचा. घराणे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे समुद्रकाठचे. वडील १७२० साली वारले, आणि बाजीराव विशीतच पेशवे झाले. तेव्हापासून बाजीराव घोड्यावर आणि मागची सगळी व्यवस्था अप्पांकडे, असा संसार चालला. घरात एक जण बाहेर कर्तबगारी करतो आणि दुसरा घर सांभाळतो, म्हणून घर उभे राहते. हे आपणा बायकांना कोणी सांगायला नको. तरी अप्पा नुसते हिशेब पाहणारे नव्हते. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात आमझेऱ्याची लढाई त्यांनी जिंकली, आणि १७३६ च्या एप्रिलात अलिबागेजवळ सिद्दी सात याचा पराभव केला. प्रकृती मात्र पहिल्यापासून नाजूक. खोकला आणि छातीचे दुखणे यांनी त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही. पत्नी रखमाबाई १७३० साली तान्हा मुलगा मागे ठेवून गेल्या. तो मुलगा म्हणजेच पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ. आजी राधाबाईंनी त्याला वाढवले.

आता आपल्या भागाकडे येऊ. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे साष्टी बेटावर, म्हणजे ठाण्यापासून आपल्या मीरा-भायंदरपर्यंत आणि खाली वांद्र्यापर्यंत, त्यांचाच अंमल बसला. तो दोनशे वर्षे टिकला. त्या राज्यात हिंदूंना आपले सण आणि धर्मकृत्ये उघडपणे करण्याची बंदी होती, देवळे पाडली गेली होती. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी हे गाऱ्हाणे पेशव्यांच्या कानावर घातले, आणि तेथूनच या मोहिमेची सुरुवात झाली.

भगिनींनो, पंढरीला जायचे तरी आपण किती तयारी करतो! शिधा किती, मुक्काम कोठे, नदीला पाणी किती, सोबत कोण. येथे तर सगळाच मुलूख पाण्याचा. एकीकडे समुद्र, तीन बाजूंना खाड्या, मधे तिवरे, खाजणे आणि गुडघाभर चिखल. मराठ्यांची ताकद घोड्यात, आणि घोडा चिखलात काय करणार? शिवाय खाडीचे पाणी दर सहा तासांनी फिरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीला भांग असते. जेथे सकाळी होडी तरंगते, तेथे दुपारी ती चिखलात रुतून बसते. हे आपल्या कोळी भगिनींना पाठ आहे. देशावरच्या शिपायाला ते कोठून माहीत असणार? म्हणून या मोहिमेत नुसते शूर असून भागणारे नव्हते. वाट कोठे, उतार कोठे, होड्या किती आणि पाणी केव्हा भरते, हे सांगणारी इथलीच माणसे हाताशी हवी होती. अंजूरकरांसारख्या माणसांची मदत म्हणूनच मोलाची ठरली.

वेळही नेमकी साधली. १७३७ च्या मार्च महिन्यात, शेते मोकळी आणि वाटा कोरड्या असताना, अप्पांची माणसे रात्री खाडी ओलांडून ठाण्याच्या बाजूला उतरली. ठाण्याच्या किल्ल्याचे बांधकाम त्या वेळी अपुरे होते, ही गोष्ट आधीच हेरलेली होती. ठाणे पडले आणि साष्टीचे दार उघडले. त्याच वर्षी अर्नाळाही हाती आला. परंतु वसई मिळेना. त्या वर्षी वसईवर केलेले हल्ले फसले, माणसे फुकट गेली. पाऊस आला की कोकणातली लढाई बंद. दारूगोळा भिजतो, होड्या ओढून घ्याव्या लागतात. केलेले काम अर्धवट टाकून परतताना त्यांच्या मनाला काय वाटले असेल!

मला या चरित्रात सर्वांत शिकण्यासारखे वाटले ते यापुढचे. अपयश आले म्हणून अप्पांनी बेत सोडला नाही, आणि तोच बेत पुन्हा तसाच रेटलाही नाही. आपण कोठे चुकलो ते त्यांनी पाहिले. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंना पाणी आणि दलदल. तट उंच. त्या पाण्यावरून धान्य, दारू, माणसे आत येत राहिली, तर बाहेरून कितीही डोके आपटले तरी उपयोग नाही. तेव्हा आधी वाटा बंद करायच्या आणि मग किल्ल्याला हात घालायचा, असे ठरले. १७३९ च्या आरंभी उत्तरेकडची केळवे-माहीम, तारापूर ही ठाणी एकामागून एक घेतली. समुद्रावर मानाजी आंग्रे यांच्या आरमाराचे साहाय्य मिळाले. गोव्याहून मदत येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे यांनी त्याच सुमारास गोव्याच्या मुलखात स्वारी केली. हे व्यंकटराव अप्पांच्या बहिणीचे, अनूबाईंचे यजमान. अशा रीतीने घरचे जावईही कामाला लागले!

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. उत्तन-डोंगरीच्या पुढे चौक गावाच्या डोंगरावर धारावीचा किल्ला होता. मुंबईची धारावी निराळी. आमच्या घरच्यांबरोबर मी तेथे गेले होते. समोर खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. त्या डोंगरावर तोफा ज्याच्या, त्याच्या परवानगीवाचून वसईच्या खाडीत जहाज शिरणे कठीण. म्हणूनच धारावीसाठी एवढी झटापट झाली. ती एकदा मराठ्यांकडे आली, पुन्हा गेली, आणि शेवटी १७३९ च्या मार्चात कायमची हाती आली. तिकडे दक्षिणेस वेसावेही घेतले. वसई आता चहूबाजूंनी एकटी पडली.

फेब्रुवारीपासूनच वेढा बसला होता. उत्तरेच्या अंगाने, जिकडे जमीन आहे तिकडून, खंदक आणि सुरुंग खणत लोक तटापर्यंत नेले. वरून दगड, गोळे, पेटते पदार्थ पडत. सुरुंग कधी उडे, कधी न उडे, आणि कधी आपल्याच माणसांवर ढासळे. मे महिना निम्मा होत आला. पुन्हा पावसाळा तोंडावर! या वेळी परत फिरले तर दोन वर्षांचा सगळा खटाटोप पाण्यात. अप्पा हातघाईवर आले, आणि किल्ला घेता येत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेने आत जाऊ द्या, असे निर्वाणीचे बोलले, अशी आख्यायिका सांगतात. अखेर सुरुंगांनी तट फुटला आणि १७३९ च्या मेच्या मध्याला वसई शरण आली. मराठ्यांची हजारो माणसे या कामी पडली.

विजयाचे वर्णन पुष्कळ करतात, मला मात्र दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार तोंडात गोळी लागून पडले. मोहिमेच्या एवढ्या धांदलीत अप्पांनी त्यांच्या आईला स्वतः सांत्वनाचे पत्र लिहिले. आपला भाऊच गेला, अशा भावनेने लिहिलेले ते पत्र आहे. दुसरी गोष्ट, शरण आलेल्यांना दिलेला शब्द. ज्यांना जायचे होते त्यांना बायकामुले व चीजवस्तूसह जाऊ दिले, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. आपल्या मंडळात उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती भगिनी आहेत. हळदीकुंकवाला त्या आपल्याकडे येतात, नाताळात आपण त्यांच्याकडे जातो. त्यांच्या समोर ही कथा कशी सांगावी, असा संकोच मला लिहिताना होता. पण ज्याने लढाई जिंकल्यावर दुसऱ्याच्या देवाला राहू दिले, त्याची कथा सांगण्यात संकोच कशाला? पोर्तुगीजांचा अंमल गेला, परंतु आपले शेजारी येथलेच होते आणि येथेच राहिले.

वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. वज्रेश्वरीला अप्पांनी नवस केला होता व तो देऊळ बांधून फेडला, असे सांगतात. ती यात्रा आपल्यापैकी पुष्कळजणींनी केलेली आहे.

अप्पा देव नव्हते. बाजीराव बाहेर असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवण्यात त्यांचाही हात होता, आणि एका बाईच्या वाट्याला आलेले ते दुःख मला विसरता येत नाही. चांगल्या माणसाकडूनही घराच्या अब्रूच्या नावाखाली असे घडते.

वसईनंतर वर्षही सुखाचे गेले नाही. १७४० च्या एप्रिलात बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. आधीच खंगलेले अप्पा त्यानंतर सावरले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्याला ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे. चारपाच वर्षांपूर्वी काशीयात्रेत जिचा ठिकठिकाणी राजांनी सन्मान केला होता, त्या राधाबाईंना एकाच वर्षात दोन्ही मुलगे गमवावे लागले. त्यानंतर ती माउली १७५३ पर्यंत जगली. मोहिमेचा हिशेब मांडणारे किल्ले मोजतात. मला त्या मातेचाही हिशेब मांडावासा वाटतो.

आता पुलावरून जाताना मी हात जोडते, तेव्हा डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ती रात्रीच्या अंधारात भरतीची वाट पाहत बसलेली माणसे. एकदा फसलेले काम चूक शोधून पुन्हा हाती घ्यावे, आणि साधल्यावर समोरच्याला वाट ठेवावी, एवढे जरी आपण या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले. येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल चौकच्या डोंगरावर न्यावी, अशी माझी सूचना आहे. डबे सगळ्यांनी घरून आणावेत. ओहोटी केव्हा आणि भरती केव्हा, ते आपल्या कोळी भगिनी सांगतीलच.