फिनियस गेज : डोक्यातून पहार आरपार गेली, माणूस वाचला, पण स्वभाव बदलला

तलासरी तालुक्यातल्या झरीला किंवा आसपास राहत असाल, तर बुलेट ट्रेनचं काम तुम्हाला नवीन नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात या ट्रेनसाठी डोंगरात सुरुंग लावून बोगदे खोदले गेलेत. असाच रेल्वेसाठी सुरुंग लावताना एका तरुणाचा अपघात झाला आणि मेंदूबद्दल जगाला एक मोठी गोष्ट कळली. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, त्याच्याही पाच वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

नेमकं काय झालं?

फिनियस गेजचा जन्म १८२३ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा. पंचविशीतच तो रेल्वेच्या कामावर मुकादम झाला. कामाला चोख, हिशोबाला पक्का आणि माणसं सांभाळणारा. खडकात भोक पाडायचं, त्यात दारू आणि वात घालायची, वर वाळू टाकायची आणि मग लोखंडी पहारेने ठासायचं, हे त्याचं रोजचं काम. ही पहार त्याने लोहाराकडून खास बनवून घेतली होती. साडेतीन फुटांहून थोडी लांब, सव्वा इंच जाड, वजन सुमारे ६ किलो, आणि एक टोक निमुळतं.

१३ सप्टेंबर १८४८. व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ दुपारी साडेचारच्या सुमाराला त्याचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं. पहार खडकावर घासली, ठिणगी पडली आणि दारूचा स्फोट झाला. पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली, डोळ्यामागून वर गेली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडून लांब जाऊन पडली.

गेज मेला नाही. काही मिनिटांत तो बोलायला लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामाच्या ठिकाणी गेला. पुढे जखमेत पू झाला, शुद्ध हरपत होती. पण डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याला वाचवलं. डावा डोळा मात्र गेला.

शरीर बरं, पण माणूस वेगळा

चालणं, बोलणं, आठवणी बऱ्यापैकी जागेवर होत्या. घोळ वेगळ्याच ठिकाणी झाला होता. पूर्वीचा शांत मुकादम आता पटकन चिडायचा, शिव्या द्यायचा, कुणाचं ऐकायचा नाही. दहा बेत करायचा आणि एकही तडीला न्यायचा नाही. जुन्या मित्रांना तो परका वाटू लागला. कंपनीने त्याला पुन्हा मुकादम केलं नाही.

याचं कारण मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब. हा भाग कपाळाच्या मागे असतो. बेत आखणं, राग आवरणं, आधी काय करायचं आणि नंतर काय हे ठरवणं, ही कामं मुख्यतः तो सांभाळतो. त्यांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. फोनच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन, कॅमेरा, मेमरी सगळं ठीक. पण कोणतं ॲप कधी उघडायचं आणि कोणतं बंद ठेवायचं, हे ठरवणारी सिस्टीम गडबडली.

पुढची गोष्ट कुणी सांगत नाही

गेज म्हटलं की बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्यानंतर तो ११ वर्षं जगला. काही काळ न्यूयॉर्कला बार्नमच्या म्युझियममध्ये पहारेसकट लोकांसमोर उभा राहिला. मग घोड्यांच्या तबेल्यात काम केलं. १८५२ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला गेला आणि तिथे घोडागाडी चालवू लागला. परका देश, परकी भाषा, अनेक घोड्यांची गाडी आणि वर प्रवासी! जन्माचा बिघडलेला माणूस हे वर्षानुवर्षं कसं करेल?

आजचे काही अभ्यासक म्हणतात की ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तेच काम यांनी त्याला सावरलं असावं. आतली घडी विस्कटली, तर बाहेरची शिस्त आधार देते.

१८५९ मध्ये तब्येत ढासळली म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. फिट्स येऊ लागल्या आणि २१ मे १८६० रोजी तो गेला. वय अवघं ३६. पुढे घरच्यांच्या परवानगीने त्याची कवटी आणि पहार हार्लोंकडे आली. आज दोन्ही हार्वर्डच्या संग्रहात आहेत. सीटी स्कॅन आणि कॉम्प्युटरवर पहारेचा मार्ग पुन्हा काढला, तेव्हा मुख्य इजा डाव्या फ्रंटल लोबला झाली होती असं दिसलं.

आपल्यासाठी यात काय?

आपल्याकडे पहार नाही, पण बाईक आहे आणि मुंबई–अहमदाबाद हायवे आहे. डोकं जोरात आपटलं की मेंदूचा हाच पुढचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो. बाहेर टाके पडले नाहीत तरी आत इजा होऊ शकते. म्हणून तलासरीपर्यंतच जायचं असलं तरी हेल्मेट घाला.

आणि अपघातानंतर घरातला कुणी उगाच चिडत असेल, पैसे उधळत असेल, कामं अर्धवट टाकत असेल, तर तो माजलाय किंवा बाहेरचं काही लागलंय असं ठरवून मोकळे होऊ नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, अपघाताची माहिती नक्की सांगा. सोबत त्याच्या फोनमध्ये अलार्म, रिमाइंडर आणि रोजच्या कामांची यादी लावून द्या. गेजला चिलीच्या रस्त्याने जो आधार दिला, तोच आज खिशातला फोन देऊ शकतो.