अल कपोन : दारूबंदीने मोठा केलेला गुंड



गुंडांचे सिनेमे पाहून आपल्या मुलांना ‘भाई’ लोकांचं भारी आकर्षण वाटतं. अशा वेळी नुसतं रागावून भागत नाही. त्यांना अल कपोनची गोष्ट सांगून पाहा. मात्र शेवटपर्यंत सांगा बरं का!

अल्फोन्स कपोनचा जन्म १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईवडील इटलीहून आलेले. वडील न्हावी, आई शिवणकाम करायची. अल सुरुवातीला अभ्यासात बरा होता. पण चौदाव्या वर्षी त्याने शिक्षिकेवर हात उगारला आणि शाळा सुटली ती कायमचीच. पुढचे धडे रस्त्यावर मिळाले. तिथे जॉनी टोरिओ हा त्याचा ‘गुरू’ झाला आणि त्यानेच पुढे त्याला शिकागोला बोलावून घेतलं.

योगायोग पाहा, कपोनच्या एकविसाव्या वाढदिवशीच, १७ जानेवारी १९२० ला, अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा ठरला. पिणं मात्र गुन्हा नव्हता! खरी मेख इथेच होती. गिऱ्हाईक तसंच राहिलं, परवान्याची दुकानं बंद झाली आणि सगळा धंदा टोळ्यांच्या हाती गेला. त्या पैशातून पोलीस आणि पुढारी विकत घेतले गेले. १९२५ मध्ये टोरिओ गोळीबारात जखमी होऊन बाजूला झाला आणि अवघ्या सव्विसाव्या वर्षी कपोन टोळीचा म्होरक्या बनला.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. संशय कपोनवर होता, पण तो तेव्हा फ्लोरिडात होता. त्या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. पुढच्याच वर्षी, मंदीच्या काळात, कपोनने बेकारांसाठी फुकट अन्नछत्र उघडलं. लोक त्याला दुवा देऊ लागले. मुलांना इथे जरूर थांबवा आणि विचारा, हा पैसा आला कुठून?

शेवटी त्याला पकडलं ते वहीखात्याने. फ्रँक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने हिशेब तपासले. १९३१ मध्ये आयकर चुकवल्याबद्दल त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असतानाच, डिसेंबर १९३३ मध्ये, दारूबंदी उठली.

अल्काट्राझच्या तुरुंगात जुन्या गुप्तरोगाने त्याचा मेंदू पोखरला. १९३९ मध्ये सुटका झाली, पण माणूस संपलेला होता. डॉक्टरांच्या मते त्याची समज बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली होती. म्हणजे शाळा सोडली, त्याही आधीच्या वयाची! २५ जानेवारी १९४७ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

सिनेमात हा शेवट सहसा दिसत नाही. म्हणून तो आपणच सांगायचा. आणि वर्गात एखाद्या मुलाने हात उगारला, तर त्याला शाळेबाहेर काढण्याआधी, बाहेर त्याची वाट कोण पाहतंय याचा विचार आपणही करायचा.