इब्न बतूता यांनी दोनदा पाहिलेलं इस्कंदरिया

इब्न बतूता हे नाव आपण शाळेत मुहम्मद बिन तुघलकाच्या धड्यात वाचलेलं असतं. दिल्लीचे काझी, मोठे प्रवासी, एवढंच लक्षात राहतं. पण ते आपल्या दौलताबादलाही येऊन गेले होते. आणि हिंदुस्थानची ओढ त्यांच्या मनात जागी झाली ती मिसरच्या इस्कंदरिया, म्हणजे आजच्या अलेक्झांड्रिया शहरात.

त्यांचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतल्या तांजा शहरात, काझींच्या घराण्यात झाला. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते एकटेच हजला निघाले. आई-वडील हयात होते, त्यांना सोडून जाणं फार जड गेलं. मजल दरमजल करत एप्रिल १३२६ मध्ये ते इस्कंदरियाला पोहोचले.

शहर पाहून ते भारावून गेले. शहराला चार दरवाजे होते. त्यातला हिरवा दरवाजा फक्त जुम्म्याला उघडायचा, लोक त्यातून कबरींच्या जियारतीला जायचे. बंदर एवढं मोठं की पुढे त्यांनी त्याची बरोबरी आपल्याकडच्या कोल्लम आणि कालिकतशी केली. समुद्रकाठी जगप्रसिद्ध दीपस्तंभ होता. १३०३ च्या भूकंपाने त्याला मोठा तडाखा दिला होता. इब्न बतूता गेले तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती, तरी आत जाता येत होतं. दरवाजा जमिनीपासून उंचावर होता. समोरच्या इमारतीवरून फळ्या टाकून आत जायचं. फळ्या काढल्या की वाट बंद.

याच शहरात ते शेख बुरहानुद्दीन या बुजुर्गांकडे तीन दिवस मुक्कामी राहिले. शेखसाहेबांनी या तरुणाच्या मनातली प्रवासाची आवड ओळखली. हिंद, सिंध आणि चीनमधल्या आपल्या तीन भावांना सलाम पोहोचवायला त्यांनी सांगितलं. तोवर एवढ्या लांब जायचं इब्न बतूतांच्या मनातही नव्हतं. पुढे ते तिघांनाही भेटले, सलामाची अमानत पोहोचवली.

दिल्लीत काही वर्षं काझी राहून ते सुलतानाचे वकील म्हणून चीनला निघाले. वाटेत दौलताबाद आणि नंदुरबार लागलं. दौलताबादची वर्षातून दोनदा येणारी द्राक्षं-डाळिंबं, किल्ल्यातले मांजरापेक्षा मोठे उंदीर, मराठी लोकांचा भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचा साधा आहार, हे सगळं त्यांनी नोंदवून ठेवलंय.

१३४९ मध्ये ते घराकडे परतत होते. वडील वारल्याची खबर वाटेतच मिळाली होती. सगळीकडे प्लेग होता, त्यात आईही गेली. इस्कंदरियाला पुन्हा आले तर दीपस्तंभ इतका ढासळला होता की आत जाणं सोडाच, दरवाजापर्यंत चढताही येईना. पुढे १४७७ च्या सुमारास सुलतान कायतबायने त्याच जागी, त्याचेच दगड वापरून किल्ला बांधला. तो आजही उभा आहे.

काही टिपणं प्रवासात लुटली गेली होती. तरी १३५५ पर्यंत मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकमावरून त्यांनी सगळा प्रवास सांगितला आणि इब्न जुझय यांनी लिहून काढला. तोच त्यांचा 'रिहला'. म्हणून पडलेल्या दीपस्तंभाची वाट आपल्याला आज कळते.

आम्हा किल्लारीकरांना हे वाचताना पोटात कालवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. गाव दुसरीकडे नव्याने वसलं. त्यानंतर जन्मलेली मुलं आता तिशीची झाली, त्यांनी जुनी किल्लारी पाहिलेलीच नाही. कुठली गल्ली कुठे निघायची, शेजारी कोण होतं, हे माहीत असलेले बुजुर्ग एकेक करून कमी होताहेत.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आज मगरिबनंतर त्यांच्याजवळ बसा. विचारा, आणि ते सांगतील तसं वहीत उतरवून घ्या. शुद्धलेखन नंतर बघता येईल. अल्लाह सगळ्या मरहूमांची मगफिरत फरमावो. आमीन.