आपलं आपल्याला वाचता यावं म्हणून...

मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, की नजर अधू झालेली आजी नातवाला हाक मारते. नातू वाचून दाखवतोही. पण आपल्या पैशाअडक्याची गोष्ट दर वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी कळावी, हे तिला कुठेतरी लागतंच. मैत्रिणींनो, हे परावलंबन संपावं म्हणून फ्रान्समधल्या एका अंध मुलाने दोनशे वर्षांपूर्वी आपली सगळी हुशारी पणाला लावली. त्याचं नाव लुई ब्रेल.

लुईचा जन्म 4 जानेवारी 1809 चा, पॅरिसजवळच्या कुव्रे गावातला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामडी सामान बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळताना चामड्याला भोक पाडायची आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

पण आईवडिलांनी पोराला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. गावच्या शाळेत घातलं. ऐकून ऐकून तो शिकला. 1819 मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तिथली पुस्तकं म्हणजे कागदावर उठावाची मोठी मोठी अक्षरं. पुस्तक उचलायला जड, एकेक अक्षर चाचपायला वेळ लागायचा. आणि मुख्य म्हणजे त्या पद्धतीने मुलांना स्वतःहून सहज लिहिता येत नव्हतं.

शार्ल बार्बिये नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्याने उठावाच्या टिंबांनी लिहायची एक पद्धत काढली होती. 1821 च्या सुमारास ती या शाळेत पोहोचली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत टिंबं लागायची, ती एका बोटाखाली मावत नसत. शिवाय त्या खुणा उच्चारांच्या होत्या, शुद्धलेखन आणि विरामचिन्हांना जागाच नव्हती. लुईने हे सगळं बारकाईने तपासलं आणि बारांची सहाच टिंबं केली. बोट एकदा टेकवलं की अख्खं अक्षर कळावं! तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. टोकदार सळईने कागदावर टिंबं टोचायची, की झालं लिहून. ज्या अणकुचीदार हत्याराने डोळे नेले, तसल्याच हत्याराने अक्षरं दिली.

1829 मध्ये त्याने या लिपीचं पुस्तक काढलं. पुढे त्याच शाळेत तो शिक्षक झाला, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. पण डोळस कारभाऱ्यांना ही लिपी पटेना. 1840 नंतर काही काळ शाळेत तिला मज्जावच होता. मुलं मात्र गुपचूप ती वापरत राहिली. क्षयाने खंगलेला लुई 6 जानेवारी 1852 ला वयाच्या 43 व्या वर्षी गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1854 मध्ये, शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' 1951 मध्ये ठरली, त्यात आपली मराठीही आली. 2009 मध्ये त्याच्या जन्माला 200 वर्षं झाली, तेव्हा आपल्याकडे त्याचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणंही निघालं.

आज लुईची टिंबं मोबाइलमध्येही आहेत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. तिथल्या 'टॉकबॅक'मुळे बोट ठेवलं तिथलं फोन बोलून सांगतो, मराठीतसुद्धा. उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची. 2020 पासून त्यात ब्रेल कीबोर्डही आहे. पडद्यावर सहा बोटांखाली सहा टिंबं! आयफोनमध्ये हेच काम 'व्हॉइसओव्हर' करतो. नजर नुसती मंद झाली असेल, तर अक्षरं मोठी करायची सोय दोन्हीकडे आहे.

तेव्हा आजीचा मेसेज वाचून दाखवण्याआधी एकदा तिच्या शेजारी बसा. तिच्या कानाला इअरफोन लावा, बोट पडद्यावर कसं फिरवायचं ते तिच्याच बोटाने शिकवा. दोन-चार दिवस गोंधळ होईल, चिडचिड होईल. होऊ द्या. वाचून दाखवणारी माणसं लुईलाही भेटली असती. त्याला हवं होतं स्वतः वाचणं, स्वतः लिहिणं. आजीलाही तेच हवंय.