राखीव बाकावरचं दीड वर्ष

परमुलखात जाऊन पोटासाठी खेळणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला टाळ्यांपेक्षा वाट पाहणंच जास्त येतं. बास्केटबॉलच्या जगात युरोपचा अनभिषिक्त राजा म्हणून ज्याची ख्याती होती, त्या ड्राझेन पेट्रोविचलाही हे चुकलं नाही. त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ कोणता, असं विचारलं तर मी पदकांकडे बोट दाखवणार नाही. तो ज्या दीड वर्षात बसून राहिला, तेच दाखवीन.

पेट्रोविचचा जन्म २२ ऑक्टोबर १९६४ चा. ॲड्रिॲटिक समुद्राकाठचं शिबेनिक हे त्याचं गाव तेव्हाच्या युगोस्लाव्हियात होतं. वडील सर्ब, आई क्रोएशियन. त्या काळी हे कोणी फारसं मोजत नसे. थोरला भाऊ बास्केटबॉल खेळायचा, त्याच्यामागून धाकटाही मैदानात आला. शाळा भरण्यापूर्वी रिकाम्या हॉलमध्ये एकट्यानं शेकडो वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकण्याची सवय लागली, ती जन्मभर सुटली नाही.

पंधराव्या वर्षी तो गावच्या शिबेन्का संघात आला. १९८३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात, अगदी शेवटी मिळालेल्या दोन मोफत फेकी त्यानं बिनचूक टाकल्या आणि शिबेन्का एका गुणानं जिंकली. गावानं रात्र जागवली. दुसऱ्या दिवशी पंचांच्या निर्णयावर आक्षेप घेऊन महासंघानं निकालच रद्द केला. पुन्हा खेळायला शिबेन्कानं नकार दिला आणि विजेतेपद बोस्ना संघाकडे गेलं. हातात आलेलं कागदावर निसटू शकतं, हे पोराला अठराव्या वर्षीच कळलं.

लष्करातली सक्तीची सेवा आटोपून तो झाग्रेबच्या चिबोना संघात गेला. १९८५ आणि १९८६ असे लागोपाठ दोन युरोपियन चषक त्यानं मिळवून दिले. एका लीग सामन्यात त्यानं एकट्यानं ११२ गुण केले. समोर ल्युब्लियानाची कुमार पोरं होती हे खरं, पण आकडा तो आकडाच. १९८८ मध्ये रेआल माद्रिदनं त्याला नेलं. पुढच्याच वर्षी अथेन्समधल्या अंतिम सामन्यात त्यानं इटलीच्या कासेर्ता संघाविरुद्ध ६२ गुण केले. चषक आला, पण सगळे चेंडू हाच मारतो अशी कुरबूर त्याच्याच संघात सुरू झाली. एका हंगामानंतर माद्रिदचा करार मोडून त्यानं अमेरिकेची वाट धरली.

पोर्टलंड संघानं १९८६ सालीच त्याची निवड करून ठेवली होती, तीही साठाव्या क्रमांकावर.  १९८९ मध्ये तो तिथं पोचला तेव्हा त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्स्लरसारखा नामांकित खेळाडू उभा होता. युरोपियन पोरांना बचाव जमत नाही, हा अमेरिकनांचा पक्का समज. पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे साधारण बारा मिनिटं मिळाली, दुसऱ्यात सात.

ज्यांनी बँकेत किंवा सरकारी कचेरीत उमर काढली, त्यांना ही जागा चांगली ठाऊक असते. शाखा गाजवणाऱ्या माणसाला मुख्य कचेरीत आणतात, टेबल देतात, पण टेबलावर कागद येत नाही. पगार चालू, काम बंद. बरेचजण अशा वेळी वर्तमानपत्र वाचायला लागतात. पेट्रोविच मात्र सरावाला सगळ्यांआधी जात राहिला. वजनं उचलून त्यानं शरीर कमावलं आणि न मिळणाऱ्या मिनिटांची तयारी केली.

जानेवारी १९९१ मध्ये त्याची न्यू जर्सी नेट्सकडे अदलाबदल झाली. संघ दुबळा होता, पण खेळायला मिळालं. १९९१-९२ मध्ये तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला, सरासरी २०.६ गुणांची. पुढच्या हंगामात ती २२.३ वर गेली आणि लीगच्या सर्वोत्तम पंधरांत त्याचं नाव आलं. बाकावरचं व्याज वसूल झालं.

या सुखाला एक काटा होता. त्याच्याच बरोबर अमेरिकेत आलेला सर्बियाचा व्लादे दिवाच हा त्याचा जिवलग मित्र. परक्या देशात दोघं फोनवरून एकमेकांना धीर देत. १९९० च्या ऑगस्टमध्ये ब्युनोस आयर्सला युगोस्लाव्हिया विश्वविजेता झाला, तेव्हा एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात घुसला. दिवाचनं तो हिसकावून घेतला. विजय सर्वांचा आहे, एका प्रांताचा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. पण देश फुटायला लागला होता. १९९१ मध्ये युद्ध पेटलं आणि पेट्रोविचनं मित्राशी बोलणंच टाकलं. ज्याच्या घरात सर्ब बाप आणि क्रोएशियन आई एका ताटाला बसत होते, त्यालाही बाजू घ्यावी लागली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यानं नव्या क्रोएशियाला रौप्यपदक मिळवून दिलं.

७ जून १९९३. पोलंडमधला सामना आटोपून संघ फ्रँकफर्टहून विमानानं झाग्रेबला निघाला. पेट्रोविच मोटारीनं निघाला. बव्हेरियात डेंकेनडॉर्फजवळ, पावसात, दुभाजक ओलांडून आडव्या आलेल्या ट्रकवर मोटार आदळली. पुढच्या सीटवर तो झोपला होता, पट्टा लावलेला नव्हता. नेट्सनं त्याचा तीन क्रमांक कायमचा निवृत्त केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात त्याला जागा मिळाली.

दिवाचशी समेट मात्र राहूनच गेला. २०१० मध्ये आलेल्या एका माहितीपटासाठी दिवाच झाग्रेबला गेला, पेट्रोविचच्या आईला भेटला आणि मिरोगोय स्मशानभूमीत मित्राच्या थडग्यावर दोघांचा जुना फोटो ठेवून आला. बाकावरच्या दीड वर्षानंतर पेट्रोविचला खेळायला वेळ मिळाला होता. बोलायला तो मिळाला नाही.